वन्संचे कान शाबूत होते

वत्सलावन्सं गेल्याची बातमी मला प्रमोदने फोनवर दिली, आणि देताना तो ओरडत होता. "काकू, आत्या गेली. ऐकू येतंय ना? गेली आत्या." मला पहिल्या वेळीच ऐकू आलं होतं. मी परसात त्यांची पातळं वाळत घालत होते. बेळगावच्या इस्पितळात नेसायला म्हणून धुतली होती, दुपारच्या बसने घेऊन निघणार होते. फोन कानापासून लांब धरून मी "बरं" एवढंच म्हटलं... तेवढ्यात कुंपणापलीकडून शांता शेणाचे हात तसेच घेऊन धावत आली, कारण बातमी तिच्यापर्यंतही पोचली होती. माझ्या नणंदेच्या मरणाची खबर रामनगरच्या आमच्या आळीला अशी एका दमात मिळाली. प्रमोदला दुःख झालं नव्हतं असं मी म्हणणार नाही. इस्पितळात त्याने रात्रीचा दिवस केला, तेही नाकारणार नाही. पण म्हाताऱ्या बायकांशी ओरडून बोलायची सवय त्याने आमच्या घराला कशी लावली आणि त्यामुळे वन्संचं शेवटचं दीड वर्ष कसं गेलं, ते मला सांगायचं आहे.

ईशान, मीरा, हे मी तुमच्यासाठी लिहिते आहे. तुम्ही टोरांटोत असता, तुम्हांला घरातलं जे कळतं ते फॅमिली ग्रुपवरून कळतं. तेराव्यानंतर प्रमोदने तिथे आत्याआजीवर लांबलचक लिहिलं. "शेवटी शेवटी आत्या कानांनी अधू झाली होती. तरी मी सुधारून दिलेल्या सीडी प्लेअरमुळे तिला संगीताचा आनंद घेता आला," असं त्यात होतं. त्याखाली तुम्ही दोघांनी हात जोडले, फुलं टाकली. तुमचा काही दोष नाही. मात्र त्या वाक्यांतला शब्द न् शब्द खोटा आहे, आणि ग्रुपवर उत्तर दिलं असतं तर ते संध्याकाळपर्यंत वाढदिवसांच्या केकखाली गाडलं गेलं असतं. म्हणून मी ते छापायला देते आहे. पेपरच्या रविवार पुरवणीच्या वाचकांनी घरचं भांडण समजून पान उलटलं तरी चालेल.

वन्सं म्हणजे तुमच्या आजोबांची थोरली बहीण. लग्न केलं नाही. हायस्कुलात विज्ञान शिकवलं, बरीच वर्षं बाजारकुणंगच्या बाजूला. तिकडे वीज पोचायच्या आधी गावोगाव सेलवर चालणारे रेडिओ होते आणि ते बिघडले की लोक टीचरबाईंकडे आणत. त्यांनी टपालाने कोर्स केला होता, सोल्डरिंग आयर्न बेळगावहून आणलं होतं. नम्रपणा हा त्यांचा गुण नव्हता. "या तालुक्यातले रेडिओ माझ्या नावाने घाबरून सुरू होतात," असं त्या पाहुण्यांना तोंडावर सांगत. आणि कान असे की चढावर ट्रकने गियर बदलला की आतूनच म्हणत, "याचा क्लच या महिन्यात जाणार." गोव्याकडची बस वळणावर दिसायच्या आत त्या पिशवी उचलून उभ्या असत. धनेशाची जोडी घरावरून गेली तर मला पंखांचा आवाज यायचा. त्यांना एका पक्ष्याचा आवाज वेगळा आणि दुसऱ्याचा वेगळा यायचा. मी शाळेत इंग्रजी शिकवणारी बाई, प्रत्येक गोष्ट जागच्या जागी असावी असं मला वाटतं. त्यांच्या टेबलावर तारांचा गुंता आणि चहाचे कप. आमचं पटायचं नाही. पण आजोबा गेल्यावर आम्ही दोघीच उरलो, आणि उरल्यावर पटलं.

तो सीडी प्लेअर आजोबांनी बहरीनहून आणला होता, मीरा, तुझी आई शाळेत होती तेव्हा. जपानी, अंगाने जड, दोन्ही बाजूंना लाकूड. घरात त्याला सगळे पेटीच म्हणत. वन्सं रोज संध्याकाळी दिवा लावून झाला की त्यावर एक गाणं ऐकत, बहुतेक वेळा पूरिया किंवा मारवा, आणि तेवढा वेळ कुणी बोललेलं त्यांना चालत नसे.

प्रमोद हा आजोबांच्या चुलतभावाचा मुलगा. बेळगावात असतो, जुनी गाणी वाजवण्याची यंत्रं गोळा करतो, त्यांत फेरफार करतो, त्यावर मित्रांसमोर भाषणं देतो. गेल्याच्या आदल्या दिवाळीला आला, पेटीपुढे बसला, मान हलवली. "आत्या, ह्यात जीव न्हाई गं राहिला. दे माझ्याकडं. नवे कॅपॅसिटर घालतो, नवी आयसी घालतो, मधला कचरा काढून टाकतो. तुला वाटेल गायिका हॉलमध्ये येऊन बसलीय."

"मला ती आत्ताही दिसतेय," वन्सं म्हणाल्या. "तुला दिसत नसेल तर चष्मा बघ."

पण त्याने आजोबांची शपथ घातली, "काकांच्या आठवणीसाठी करतोय," म्हणाला, आणि वन्संनी पेटी त्याला नेऊ दिली. संक्रांतीला पेटी परत आली. सोबत प्लॅस्टिकच्या पिशवीत आतून काढलेलं जुनं सामान होतं. "हे भंगार. बघून ठेव, असल्या मालावर तू इतकी वर्षं ऐकत होतीस." त्याने गाणं लावलं, डोळे मिटले, आमच्याकडे न बघता तारीफ केली आणि जेवून गेला.

त्याच आठवड्यात वन्संनी तीन तक्रारी सांगितल्या. गाणं बदलताना स्पीकरमधून धप्प असा आवाज येतो, शांताचं कुत्रं दचकून उठतं. गाणाऱ्या बाईंच्या आवाजाला वरच्या पट्टीत वाळूसारखी खरखर येते. आणि पेटी तापली की डावी बाजू हळूहळू मावळते, तंबोरा अर्धा होतो. प्रमोदने फोनवर उत्तरं दिली. धप्प म्हणजे सिग्नल मोकळा झाल्याचं लक्षण. खरखर म्हणजे आजवर न ऐकलेला तपशील. आणि डावी बाजू... डाव्या बाजूचं उत्तर त्याने मे महिन्यात खानापूरच्या लग्नात दिलं, पंगतीत, सगळ्या भावकीसमोर. "आत्या, पेटीत दोष न्हाई. तुझा डावा कान गेलाय. वयाला होतंय असं, लाजायचं काय त्यात?" आणि खिशातून कानाच्या यंत्रांचं रंगीत पत्रक काढून त्यांच्या पानाशेजारी ठेवलं. मी त्यांच्या समोरच्या ओळीत होते. वन्संनी पत्रकावर वाटी ठेवली आणि कढी वाढणाऱ्याला म्हणाल्या, "इथे वाढ." 

तिथून ते सुरू झालं. भावकीतल्या बायका त्यांच्याशी ओरडून, हातवारे करून बोलू लागल्या. फोन आला की लोक म्हणत, "काकूंना द्या, आत्याला ऐकू यायचं न्हाई." शांताने तर कहर केला. बिचारीला कुणी सांगितलं असेल. कुंपणावरून दोन्ही हात तोंडाशी धरून विचारायची, "आक्का, च्या घेतलासा काय?"

"घेतला," वन्सं हळू आवाजात म्हणायच्या. "तुझ्या म्हशीनेही घेतला असेल, तिलाही ऐकू गेलं."

पण त्या हसत नव्हत्या. ज्या बाईची सगळी ऐट कानांवर होती तिच्याशी सगळा गाव ती ठार बहिरी असल्यासारखा वागू लागला, आणि त्यांना स्वतःलाच शंका यायला लागली. बस आली की त्या माझ्याकडे बघत, मला ऐकू आली का ते पाहायला. त्या बघण्याबद्दल मी प्रमोदला माफ करणार नाही. मी म्हटलं, बेळगावला कान तपासून घेऊ. त्या म्हणाल्या, "दाखला डॉक्टरचा नको. दाखला पेटीकडूनच घेणार."

आणि त्यांनी फार साधी गोष्ट केली. तंबोरा मावळेपर्यंत पेटी वाजू दिली आणि मग खुर्ची उलटी फिरवून स्पीकरकडे पाठ करून बसल्या. आता खिडकीकडचा डावा स्पीकर त्यांच्या उजव्या कानाकडे आला होता. मावळलेली बाजू खिडकीकडचीच राहिली. मग मी पेटीमागच्या दोन तारा आपापसांत बदलल्या, आणि मावळलेली बाजू खिडकीकडून उठून दाराकडे गेली. म्हणजे स्पीकरही नव्हे, कानही नव्हे, पेटीच. वन्सं खुर्चीत तशाच पाठमोऱ्या बसून होत्या. "वहिनी," त्या म्हणाल्या, "माझा बिघडलेला कान तू आत्ता हाताने उचलून दाराशी नेलास." हे प्रमोदला कळवलं तर तो म्हणाला, "वायर नीट खोचली नसशील."

त्यानंतर पाऊस लागला. इथला पाऊस कसा असतो ते तुम्ही लहानपणी पाहिलं आहे. झाड तारांवर पडलं आणि बरेच दिवस वीज नव्हती. ओलीने पेटीत बुरशी धरू नये म्हणून वन्संनी ती गोणपाटात गुंडाळून मागच्या पडवीतल्या चुलीवरच्या माळ्यावर चढवली. पावसात जे जे कोरडं राहायला हवं ते आपल्याकडे तिथेच जातं. कोकमं, सुपारी, बियाणं, काड्यापेट्या. वीज आल्यावर पेटी उतरवली, तबकडी घातली, ती फिरली, थांबली आणि बाहेर आली. दुसरी घातली, तीही बाहेर. वन्संनी त्या दिवशी प्रमोदबद्दल जे शब्द वापरले ते मी इंग्रजीतसुद्धा लिहू शकत नाही. "आता वाचायचीही बंद पडली. खाऊन टाकली त्याने पेटी." नवरात्र संपेपर्यंत त्या त्याच्या नावाने बोटं मोडत होत्या.

ईशान, तू इंटरनेटवरून शोधून पाठवलेलं त्या पेटीचं सर्व्हिस मॅन्युअल तेव्हा कामाला आलं. त्यातलं जपानी वळणाचं इंग्रजी मी वाचायची, वन्सं अर्थ लावायच्या. मी एकच अट घातली, एका वेळी एकच गोष्ट बदलायची, लावून ऐकायचं, मग पुढची. त्यांच्या स्वभावात ते नव्हतं, चारही ठिकाणी एकदम सोल्डरिंग आयर्न लावायची त्यांची पद्धत. पण ऐकलं माझं. मॅन्युअलमध्ये पहिली पायरी भिंग पुसण्याची होती. तबकडी वाचणारं ते भिंग मसुराच्या डाळीएवढं असतं. कापसाला स्पिरिट लावून त्यांनी ते हलकेच पुसलं, आणि कापूस तपकिरी झाला. त्यांनी तो नाकाशी नेला. "बघ," म्हणून माझ्या नाकाशी धरला. धुराचा वास. चुलीवरच्या माळ्याने पेटी कोरडी ठेवली होती आणि भिंगावर धुराचा थर दिला होता. इथलं माणूसच हे करू शकतं. पेटी तबकडी वाचू लागली. वन्संनी कापूस पुन्हा एकदा हुंगला. मग म्हणाल्या, "हा बिघाड त्याचा नाही, माझा. एवढा त्याच्या नावावरून वगळते." मला वाटलं, राग निवळतोय. त्यांनी सोल्डरिंग आयर्न उचललं. "आता उरलेल्यांचं बघू."

उरलेले सगळे त्याचे होते. डाव्या बाजूला त्याने अंगठ्याएवढा मोठा कॅपॅसिटर, जागेत मावत नव्हता म्हणून, आडवा टांगला होता. त्याच्या वजनाने खालचा सोल्डर तडकला होता. थंड असताना तो टेकून राही, तापला की सुटे. वन्संनी वाळक्या काडीने त्याला नुसतं टोचलं आणि गेलेला तंबोरा परत आला, काडी काढली की गेला. त्यांनी मला पुन्हा पुन्हा टोचायला लावलं. तहान भागल्यासारखं ऐकत होत्या. खरखर नव्या आयसीची निघाली. ती फार वेगवान जातीची, जुन्या पेटीत तिला शांत ठेवायची सोयच नव्हती, आतल्या आत थरथरत होती आणि बोट ठेवलं तर पोळत होतं. आणि धप्प होत होतं कारण दोन गाण्यांच्या मधल्या जागेत आवाज बंद धरणारे बारीक ट्रान्झिस्टर त्याने उपटून टाकले होते. तोच तो "मधला कचरा".

मग त्या पिशवीतलं भंगार बाहेर निघालं. एकेक करून वन्संनी त्याने काढलेलं सगळं परत जागेवर बसवलं. जुने कॅपॅसिटर मोजून पाहिले, जे खरोखर संपले होते तेवढेच त्याच मापाचे साधे नवे घातले, बाजारातल्या रिपेरीवाल्याकडून आणून. प्रत्येक वेळी लावून ऐकलं. आधी धप्प गेलं, मग वाळू गेली, मग डावी बाजू घट्ट बसली. शिमग्याच्या सुमारास एका संध्याकाळी पूरिया सुरू झाला, पेटी तापली, गाणं संपलं, दुसरं सुरू झालं, आणि शांताचं कुत्रं झोपून राहिलं. प्रमोदच्या पेटीतला प्रमोद पूर्ण बाहेर आला होता. त्याचे सगळे भाग वन्संनी त्याच पिशवीत भरले, पिशवी गाठ मारून पेटीच्या आतच, मोकळ्या कोपऱ्यात ठेवली आणि झाकण लावलं.

"त्याला फोन करू?" मी विचारलं.

"नको. गणपतीच्या चवथीला सगळी भावकी आपल्याकडे जमते. काही सांगायचं नाही. त्याला समोर बसवायचं, ऐकवायचं, आणि बोलू द्यायचं. पोटभर बोलू द्यायचं. मग सगळ्यांसमोर झाकण उघडायचं."

"आणि त्याला फरक कळला तर?"

"कळला तर मी त्याच्या पाया पडेन," वन्सं म्हणाल्या. त्यांना आनंदाने असं फुललेलं मी फार वर्षांनी पाहिलं. चवथीपर्यंत जगण्याला त्यांना एक कारण मिळालं होतं, आणि ते कारण सूड होतं. मला त्यात गैर वाटलं नाही, आजही वाटत नाही.

आषाढात त्यांना धाप लागायला लागली. हृदयाचं दुखणं निघालं, बेळगावला न्यावं लागलं. तिथेही प्रमोदने नर्सला सांगून ठेवलं होतं, "जोरात बोला, ऐकू येत नाही." मी शेवटची भेटले तेव्हा एक लहानशी नर्स त्यांच्या कानात "आज्जी, गोळी" असं किंचाळत होती. वन्संनी तिला थोपटलं. मग मला जवळ बोलावून म्हणाल्या, "बाहेर ट्रॉलीचं एक चाक घासतंय, सांग त्यांना. आणि... चवथीचं तू करशील ना?" मी हो म्हटलं. माणूस जाताना देवाचं नाव घेतं म्हणतात. वन्संनी हे काम दिलं.

मला चवथीपर्यंत थांबावं लागलं नाही. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी भावकी अजून घरात होती. प्रमोदनेच विषय काढला, "आत्याचं गाणं लावू या." मी तबकडी घातली. तो पुढे सरकून बसला, डोळे मिटले. आणि सुरू झाला. "हा खर्ज बघा, जमिनीतनं येतोय. हे माझे कॅपॅसिटर." तिथे त्याचा एकही कॅपॅसिटर नव्हता. "आणि वरची ही झिलई ऐकताय न्हवं? नवी आयसी. जुन्यात हे नव्हतंच." ती जुनीच होती. मी एका जागेची वाट बघत होते. पहिलं गाणं संपलं. दोन गाण्यांच्या मधली ती जागा आली... आणि काहीही झालं नाही. धप्प नाही. ज्याला तो मोकळ्या सिग्नलचं लक्षण म्हणाला होता ते तिथे नव्हतंच, आणि त्याच्या चेहऱ्यावरची एक रेषाही हलली नाही. दुसरं गाणं सुरू झालं, त्याने डोळे पुसले. "आत्याला हे नीट ऐकू आलं असतं तर," तो म्हणाला. बायकांनी पदर डोळ्यांना लावले.

मग मला म्हणाला, "काकू, ही पेटी मी नेऊ? शेवटी ह्यातला आवाज माझाच हाय."

झाकण तेव्हाच उघडता आलं असतं. पिशवी आतच होती. पण मी त्याला लहानपणापासून ओळखते. तो हसला असता. "आत्या लई बेरकी गं," म्हणून सगळ्यांना हसवलं असतं, आणि ओल्या डोळ्यांच्या त्या खोलीत वन्संचा सूड एक गंमत होऊन गेला असता. मी म्हटलं, "विचार करून सांगते." चौथ्या दिवशी ग्रुपवर त्याचा लेख आला. माझा विचार झाला.

खोली त्यांनी ठेवली तशीच आहे. स्पीकर हलवलेले नाहीत. त्यांची खुर्ची दोन्हींच्या बरोबर मध्ये असते. वर्षानुवर्षं तिथेच ठेवल्याने जमिनीला तिच्या पायांचे खळगे पडले आहेत, केर काढताना सरकवली तरी ती त्या खळग्यांतच परत बसते. संध्याकाळी दिवा लावला की मी पेटी सुरू करते आणि बाजूच्या पाटावर बसते. त्या खुर्चीत मी बसत नाही. शांता येते, उंबऱ्यावर टेकते, आणि आता माझ्याशीही हळू बोलते. तिला मी सगळं सांगितलं आहे. "म्हंजे आक्काला समदं ऐकू यायचं व्हय?" तिने विचारलं, आणि आपण वर्षभर कुंपणावरून काय काय ओरडलो ते आठवून तिने तोंडावर पदर घेतला.

ईशान, मीरा, ग्रुपवरची तुमची फुलं काढून घ्या, ती चुकीच्या माणसाखाली पडली आहेत.

आणि प्रमोद, रविवारची पुरवणी तुझ्याकडे येते, मला माहीत आहे. पेटी मिळणार नाही. तिच्यातलं तुझं जे काही आहे ते मात्र घेऊन जा, गाठ मारलेल्या पिशवीत आहे, सगळं भरलं आहे. चवथीला ये. भावकी असेलच. पेचकस मी पेटीवर काढून ठेवला आहे, झाकण तूच उघड. त्याआधी एक गाणं ऐकायचं असलं तर ऐक, पण स्टुलावर बस. खुर्ची रिकामी नाही.